बीएलएस पुन्हा करू का? रात्रपाळीच्या एका सिस्टरना उत्तर

प्रश्न बीएलएसचा, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचा: हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण. थोडक्यात असा. घोडबंदर रोडवरच्या तीस खाटांच्या नर्सिंग होममधल्या एका जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या) सिस्टरने विचारलंय: "बीएलएस २०२१ मध्ये केलं होतं, कार्ड २०२३ लाच संपलं. आता इन्स्पेक्शन जवळ आलंय म्हणून मॅनेजमेंट म्हणतंय, पाऊण तासाचा व्हिडिओ बघा आणि रजिस्टरवर सही करा. नवीन गाइडलाइन आली म्हणतात, त्यात असं काय बदललं? खिशातले पैसे घालून पुन्हा कोर्स करावा का? आणि रात्री आम्ही दोन सिस्टर, एक मावशी, वर झोपलेले आरएमओ (हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर) आणि खाली वॉचमन एवढेच असतो. ते सहा जणांच्या टीमचं शिकून आम्हाला उपयोग काय?"

सिस्टर, व्हिडिओ जरूर बघा, त्यात वाईट काही नाही. सही मात्र "व्हिडिओ पाहिला" असं लिहून करा, "प्रशिक्षण घेतलं" असं लिहिलेल्या कागदावर नको. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा स्वतःचा ऑनलाइन कोर्स आहे. तो पूर्ण केला तरी सरावाच्या पुतळ्यावर हात चालवून दाखवल्याशिवाय तेसुद्धा कार्ड देत नाहीत. आणि एनएबीएचला (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) हवं असतं ते पेशंटच्या थेट संपर्कातल्या स्टाफला सीपीआर (छातीवर दाब आणि श्वास देणं) येणं आणि ते वेळोवेळी ताजं होणं. त्यांचा तपासनीस वॉर्डात फिरताना "सिस्टर, करून दाखवा" म्हणाला तर पाऊण तासाचा व्हिडिओ कामाला येत नाही.

मी बावीस वर्षं आयसीयूत काढली आणि गेली काही वर्षं ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या-मोठ्या हॉस्पिटलांत हे शिकवते. त्यामुळे तुमचे तिन्ही प्रश्न ओळखीचे आहेत. शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा, त्यावर जास्त बोलते. आधी गाइडलाइनचं उरकते.

तुम्ही शिकलात ते अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या गाइडलाइनच्या २०२० च्या आवृत्तीवर. पुढची मोठी आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. घाबरू नका, गाभा तसाच आहे. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान ५ सेंटिमीटर पण ६ च्या पुढे नाही, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं, ३० दाबांना २ श्वास, आणि मध्ये थांबायचं ते १० सेकंदांच्या आत. मोठ्या माणसासाठी हे २०१५ पासून असंच आहे. एबीसीचं सीएबी झालं, म्हणजे आधी श्वास मग दाब याऐवजी आधी दाब मग श्वास, ते तर २०१० मध्ये. तरीही दर बॅचमध्ये एखादी जुनी सिस्टर भेटतेच, जी आधी मान वर करून कान लावते आणि मग हात कुठे ठेवायचा ते विचारते.

बदललं ते असं. घशात काही अडकलं आणि माणूस शुद्धीवर आहे, तर मोठ्या माणसाला आपल्याला फक्त पोटावरचे झटके शिकवले होते. आता आधी पाठीवर, दोन खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये, ५ जोरदार थापा आणि मग पोटावर ५ झटके, असं आलटून पालटून. लहान मुलालाही तेच. वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर ५ थापा आणि मग एका तळहाताच्या टाचेने छातीवर ५ दाब. बाळाच्या पोटाला हात लावायचा नाही. गरोदर बाईला किंवा ज्यांच्या पोटाला आपला वेढा बसत नाही त्यांना झटके छातीवर द्यायचे. तुमच्या वॉर्डात हे उपयोगी पडेल ते जेवणाच्या वेळी. लकवा झालेल्या आजोबांना नातेवाईक प्रेमाने आडवं झोपवूनच केळं भरवतात, हे तुम्ही रोज बघत असाल. माणूस बेशुद्ध झाला की मात्र थापा बंद, सरळ सीपीआर. श्वास द्यायला तोंड उघडाल तेव्हा आत बघा, वस्तू दिसली तरच काढा. अंदाजाने बोट फिरवू नका, ती आणखी आत जाते.

दुसरा बदल बाळांचा. दोन बोटांनी दाबायची पद्धत काढून टाकली आहे, कारण बोटांनी पुरेशी खोली येत नाही आणि बोटं लवकर दमतात. आता दोन्ही हातांनी छातीला वेढा घालून अंगठ्यांनी दाबायचं, नाहीतर एका तळहाताच्या टाचेने. खोली साधारण ४ सेंटिमीटर, म्हणजे छातीच्या जाडीचा तिसरा हिस्सा. दोघी असाल तर १५ दाबांना २ श्वास. तुमच्याकडे लेबर रूम किंवा पीडियाट्रिक बेड असतील तर हे आधी शिका. जुनी सवय हातात बसलेली असते आणि ऐनवेळी तीच बाहेर येते.

बाकी, जीव वाचवण्याच्या पायऱ्या दाखवणारं साखळीचं चित्र आता हॉस्पिटलच्या आतलं आणि बाहेरचं असं वेगळं राहिलं नाही, सगळ्यांना एकच. पोस्टर बदलावं लागेल एवढंच.

गाइडलाइन कितीही बदलू दे, मला वॉर्डात घात होताना दिसतो तो दोनच जागी. सुरुवात उशिरा होते आणि सुरू झालेलं सारखं थांबतं.

सुरुवात उशिरा कशी होते ते माझ्यावरूनच सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष, रात्री अडीच-तीनचा सुमार. पन्नाशीचे काका, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. त्यांची बायको धावत आली, "सिस्टर, हे कसंतरीच करतायत." गेले तर काकांचं तोंड उघडं, हनुवटी वर उचलली जातेय, आठ-दहा सेकंदांनी एक मोठा आचका. मी मनगटाला नाडी शोधली. सापडेना. मग बीपीचा कफ गुंडाळला. मशीनने एरर दिला, पुन्हा लावला, पुन्हा एरर. काकू विचारत होत्या, "श्वास चालू आहे ना हो?" आणि मी "हो" म्हणाले. दोन-अडीच मिनिटं अशी गेली. काका गेले. मला कोणी काही बोललं नाही. नोट्समध्ये मी "पेशंट गॅस्पिंग" (आचके देतोय) असं व्यवस्थित लिहिलं होतं, आणि त्या शब्दाचा अर्थ मला चार वर्षांनी, पहिल्या धड बीएलएस कोर्समध्ये कळला.

आचके म्हणजे श्वास नाही. हृदय थांबल्यावर सुरुवातीची काही मिनिटं मेंदूचा तळ ते करवून घेतो. कधी हातपाय झटके आल्यासारखे हलतात आणि आपण फिट समजून इंजेक्शन भरायला पळतो. हलवून, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा आचकेच आहेत, तर मानेची नाडी बघा, जास्तीत जास्त १० सेकंद. खात्रीने लागली नाही तर हात छातीवर. "लागतेय बहुतेक" म्हणजे लागत नाही असंच धरायचं. त्या वेळी मनगट नको, कफ नको, ऑक्सिमीटर तर नकोच.

आता थांबण्याचं. गावाकडे हापसा मारला असेल तर हे लगेच कळेल. पहिले चार-पाच दांडे नुसता खडखडाट, मग पाणी चढतं आणि धार लागते. हात थांबवला की पाणी खाली उतरतं आणि पुन्हा तेवढेच दांडे फुकट मारावे लागतात. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब तसाच आहे. दहा-बारा दाबांनंतर तो जरा चढतो आणि तुम्ही थांबलात की काही सेकंदांत कोसळतो. म्हणून डॉक्टर श्वासनळीत ट्यूब टाकतायत, कोणी सलाइनसाठी शीर शोधतंय, कोणी ईसीजीच्या वायरी लावतंय, या कशासाठीही हात उचलायचा नाही. एकूण वेळेपैकी किमान ६० टक्के वेळ छातीवर दाब चालू हवा असं गाइडलाइन म्हणते. चांगल्या टीम ८० च्या वर जातात. डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन) चार्ज होत असतानाही दाबत राहायचं, "सगळे बाजूला" म्हटल्यावरच हात काढायचा, आणि शॉक बसला की नाडी-बिडी न बघता लगेच पुन्हा सुरू.

मोजण्याबद्दल एक बारीक गोष्ट, जी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. मराठीत मोठ्याने मोजताना अठरापर्यंत ठेका नीट राहतो. एकोणीस आला की जीभ अडखळते, आणि "एकोणतीस" तर पाच अक्षरांचा. हात जिभेची वाट बघतो आणि वेग पडतो. माझ्याकडे सगळ्याजणी एक ते दहा असं तीनदा मोजतात, दर दहाला आवाज चढवून. तीस दाब १५ ते १८ सेकंदांत व्हायला हवेत. मोबाइलवर मेट्रोनोम ११० ला लावून घरी उशीवर ठेका बसवा, खोलीचा विचार तिथे करू नका.

अंबू बॅगचंही (हाताने पिळून श्वास द्यायची पिशवी) सांगते, कारण घाबरलेला माणूस पहिली चूक तिथे करतो. मोठ्यांची पिशवी साधारण दीड लिटरची असते आणि पेशंटला एका श्वासाला अर्धा लिटरभर पुरतो. म्हणजे पिशवी पूर्ण पिळायची नाही. एक सेकंद, छाती वर आलेली दिसली की बस. ट्यूब टाकल्यावर दर ६ सेकंदांनी एक श्वास, दाब न थांबवता. मी भल्या भल्या आरएमओंना मिनिटाला तीस-तीस वेळा पिशवी पिळताना पाहिलंय. जास्त हवा भरली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, शिवाय पोट फुगून उलटी वर येते. आणि मास्क एका हाताने धरून हवा गळत असेल तर दोन्ही हातांनी धरा, पिशवी दुसऱ्या कोणाला तरी पिळू द्या.

आता तुमच्या रात्रीकडे येते. सहा जणांची टीम तुमच्याकडे नसते हे खरं, पण तुम्ही पाच जण आहात. मावशी आणि वॉचमन तुम्ही हिशेबात धरत नाही, एवढंच. भारतातल्या भूलतज्ज्ञांनी उभी केलेली इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशन आहे. त्यांनी सामान्य माणसासाठी फक्त छातीवर दाब देण्याचा छोटा कोर्स तयार केला आहे, सीओएलएस नावाचा. तोंडाने श्वास नाही, औषध नाही: ओळखा, मदत बोलवा, दाबत राहा, हॉस्पिटलला पोहोचवा. मावशी, मामा, रिसेप्शन, खालचं मेडिकल, वॉचमन या सगळ्यांना हे शिकवता येतं. तुम्हाला मात्र श्वासासकट पूर्ण बीएलएस यायलाच हवं, खासकरून मुलांसाठी आणि बुडालेल्यांसाठी, जिथे मुळात ऑक्सिजनच संपलेला असतो.

मागे एका नर्सिंग होममध्ये शिकवताना जिमला जाणारा एक ब्रदर होता. पुतळ्याच्या मॉनिटरवर त्याची खोली उत्तम, वेग उत्तम, आणि छाती सोडण्याचा आकडा लाल. तो प्रत्येक दाबानंतर पुतळ्यावर रेलून राहत होता. बाजूला उभ्या मावशी, जेमतेम पावणेपाच फुटांच्या, बघून बघून शेवटी म्हणाल्या, "ताई, ह्यो दाबतोय चांगला, पण सोडतच नाय." मग त्या स्वतः स्टूलवर चढल्या, कोपरं ताठ, कंबरेतून वाकून, आणि दोन मिनिटं हिरवा दिवा. ब्रदर नंतर चार दिवस खजील होता. छाती सुटते तेव्हाच हृदय भरतं, हे त्याला मॉनिटरपेक्षा मावशींनी जास्त पक्कं शिकवलं.

तर रात्रीची वाटणी अशी ठेवा. जिने पाहिलं ती जागा सोडत नाही: बेलचं बटण, मोठ्याने "कोड ब्लू, बेड नंबर अमुक" (हृदय बंद पडल्याची हाक), आणि हात छातीवर. दुसरी सिस्टर क्रॅश कार्ट (तातडीच्या सामानाची ढकलगाडी) आणि डिफिब्रिलेटर घेऊनच येते, रिकाम्या हाताने बघायला येऊन परत जात नाही. मावशी वॉचमनला आणि आरएमओना फोन करतात. नंबर फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात हवेत, मोबाइलमध्ये सेव्ह केलेले नकोत. वॉचमन वर येतो आणि दर दोन मिनिटांनी दाबणाऱ्याची बदली तो आणि मावशी करतात. दोन मिनिटांनी बदली ही "दमले नाही" म्हटलं तरी करायची, कारण खोली आपल्याला कळायच्या आधी कमी होते. आरएमओ आले की ते सूचना देतात, छातीला हात लावत नाहीत. आणि सूचना मिळाली की ती मोठ्याने परत म्हणायची: "अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम दिलं, तीन वाजून दहा." हे नाटकी वाटतं. पण दुसरं अ‍ॅम्प्यूल चुकून दोनदा जाण्यापेक्षा बरं.

हृदयाचा ताल शॉकने सुधारण्यासारखा असेल आणि कोणी काहीच करत नसेल, तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चांगला सीपीआर चालू असेल तर ही घट निम्म्यावर येते. म्हणून डिफिब्रिलेटर ऑपरेशन थिएटरच्या कुलपात नको. किल्ली कोणाकडे, हे शोधण्यात किती मिनिटं जातात ते एकदा घड्याळ लावून बघा. बहुतेक मशीनना एईडी मोड (मशीन स्वतःच ताल ओळखून शॉक सुचवतं) असतो, तो वापरायला डॉक्टरची वाट बघावी लागत नाही, पण पॅड मुदतीतले हवेत आणि मशीन प्लगला लावलेलं हवं.

आणि कृपा करून चालू सीपीआरमध्ये पेशंटला मोठ्या हॉस्पिटलला हलवायची घाई करू देऊ नका. आपली बरीच नर्सिंग होम म्हणजे राहत्या इमारतीतले दोन-तीन फ्लॅट जोडलेले असतात. लिफ्टमध्ये स्ट्रेचर उभं करावं लागतं, तिथे दाब देता येत नाही. पुढे कासारवडवली ते माजिवडा संध्याकाळचा ट्रॅफिक तुम्ही जाणताच. १०८ च्या ताफ्यातल्या बहुसंख्य गाड्याही बीएलएसच्याच, म्हणजे तुम्ही जे करताय तेच तिथे होणार, फक्त हलत्या गाडीत. आधी हृदय परत सुरू होऊ दे, मग डॉक्टरांना ठरवू दे.

आता पलंगाचं. एअर मॅट्रेसवर तुम्ही ५ सेंटिमीटर दाबलंत तर त्यातली किती छाती आणि किती हवा ते देवालाच ठाऊक. त्या मॅट्रेसला पटकन हवा सोडायची एक पट्टी किंवा झडप असते, बहुतेक वेळा त्यावर सीपीआर लिहिलेलं असतं. ती कुठे आहे ते दिवसा बघून ठेवा. पाठीखाली फळी सरकवायला हवी, पण फळी शोधायला दाब थांबवायचे नाहीत. पलंग उंच असेल तर पायरीचं स्टूल लागतं; आपल्यापैकी बऱ्याचजणी त्याशिवाय खांदे हातांच्या वर आणूच शकत नाहीत. साडीत ड्युटी असेल तर गुडघा पलंगावर टेकवायलाही लाजू नका.

लाजण्यावरून आठवलं. बहुतेक पुतळ्यांची छाती सपाट असते, त्यामुळे बाई पेशंट आली की हात अडखळतात, विशेषतः ब्रदर लोकांचे. नव्या गाइडलाइनमध्ये यावर सरळ लिहिलंय: पॅड लावण्यासाठी ब्रा काढायची गरज नाही, ती सरकवून पॅड उघड्या त्वचेवर लावले तरी चालतं. आपल्याकडे त्यात मंगळसूत्राची भर. ते पॅडच्या खाली येऊ देऊ नका, मानेमागे सरकवा. कापायला परवानगी मागत बसलात तर नातेवाइकांशी वाद सुरू होईल आणि दाब बंद. गरोदर बाई असेल आणि पोट बेंबीच्या वर असेल तर एकीने दोन्ही हातांनी पोट पेशंटच्या डावीकडे ओढून धरायचं, दाब नेहमीच्याच जागी. पदर, पडदा हे मावशींचं काम, आणि त्या ते आपल्यापेक्षा चांगलं करतात.

कोर्स करावा का? हो, करा, आणि पैसे हॉस्पिटलकडून मागा. अर्जात दोन ओळी पुरतात: कार्ड दोन वर्षांचं असतं, वॉर्डातल्या इतक्या जणींचं संपलंय, यादी सोबत. यादी जोडली की प्रशासनाला ते तुमचं वैयक्तिक मागणं वाटत नाही. नाहीच दिले तर स्वतः करा, पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका पुतळ्यावर किती जणी? तिघींपेक्षा जास्त असतील तर तुम्ही अर्धा दिवस रांगेत उभ्या राहाल. पुतळा खोली आणि वेग मोजून दाखवतो का? अमेरिकन हार्ट असोसिएशनने मोठ्यांच्या सीपीआरसाठी अशी यंत्रणा २०१९ पासून सक्तीची केली आहे, त्यामुळे "आमचे सर नजरेनेच सांगतात" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. आणि शिकवतायत ते २०२५ च्या आवृत्तीवर का? बाळासाठी दोन बोटं दाखवली तर समजून जा. कार्ड ऑनलाइन मिळतं, त्यावरचा नंबर संस्थेच्या साइटवर तपासता येतो. तपासाच, कारण नवी मुंबईत मी "तासाभरात बीएलएस" असे बोर्डही पाहिलेत.

कार्ड दोन वर्षं चालेल. कौशल्य मात्र तीन ते सहा महिन्यांत उतरायला लागतं, हे पुन्हा पुन्हा दिसून आलंय. म्हणून महिन्यातून एकदा, हँडओव्हरच्या वेळी, पाच मिनिटं काढा. रिकाम्या पलंगावर पुतळा, तो नसेल तर घट्ट बांधलेली गादीची गुंडाळी. एक जण हाक मारेल, दुसरी कार्ट आणेल, मावशी फोन करतील, आणि कोणीतरी घड्याळ धरेल: हाक मारल्यापासून पहिला दाब किती सेकंदांनी, आणि डिफिब्रिलेटर पलंगापाशी किती वेळात. आकडा रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहा. पहिल्या वेळी तो लाजिरवाणा येतो, सगळीकडेच येतो.

आज तुमची नाइट असेल तर एवढं करा. कार्टमधली अंबू बॅग काढून मास्क तळहातावर दाबा आणि पिळा. झडप चिकटलेली असेल तर तिथेच कळेल. लहान मुलांचा मास्क आहे का बघा, तो हमखास हरवलेला असतो. ऑक्सिजन सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधा. आणि पायरीचं स्टूल ड्रेसिंग रूममध्ये साठवणीच्या खोक्यांखाली गेलं असेल, ते काढून पुसून वॉर्डात आणून ठेवा.